जांभळा नेमका कुठला?

डोंबिवलीकराच्या घरी त्या रविवारी भांडण झालं ते जांभळ्या रंगावरून. भांडणारे दोघेही पंचेचाळिशीतले. एकाची मुलगी बारावीला, दुसऱ्याच्या घराचे हप्ते अजून फिटायचेत. टेबलावर स्केलेटरच्या, म्हणजे 'ही-मॅन' कार्टूनमधल्या कवटीच्या तोंडाच्या खलनायकाच्या, दोन फिगर समोरासमोर उभ्या होत्या, एक जुन्या खेळण्याच्या घाटणीची आणि दुसरी हुबेहूब कार्टूनसारखी म्हणून निघालेली. सांगलीकराने (हा आता राहतो कल्याणला, पण आमच्या खेळणी जमवणाऱ्यांच्या कंपूत तो सांगलीकरच) दुसरी उचलली, खिडकीपाशी नेली, उजेडात फिरवून पाहिली आणि म्हणाला, "कुंची चुकलीय. कार्टूनमध्ये एवढी गडद नव्हती." डोंबिवलीकराने ती नुकतीच बरेच पैसे मोजून मागवलेली. त्याने लगेच लॅपटॉप काढून एपिसोड लावला आणि स्केलेटर सिंहासनावर बसलेला असताना चित्र थांबवलं. "हा तुझ्या स्क्रीनचा दोष." मग तोच प्रसंग मोबाइलवर, तिथे जांभळा निळ्याकडे झुकलेला. तिसऱ्या कुणीतरी टॅब पुढे केला, त्यावर तो वांग्याच्या जवळपास गेला. आवाज चढले. "तुला रंगातलं काय कळतं?" इथपासून "तू लहानपणी नीट पाहिलंयस का तरी?" इथपर्यंत गाडी आली, तेव्हा सांगलीकर सहाची लोकल पकडायचीय म्हणून उठला. रविवारी संध्याकाळी डोंबिवलीहून कल्याणला जायला कुणाला ठरावीक लोकल लागते?

ज्याने "नीट पाहिलंयस का" विचारलं आणि ज्याला विचारलं, त्या दोघांच्याही घरी लहानपणी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता.

हे मला माहीत होतं, कारण दोघांनीही ते वेगवेगळ्या वेळी मलाच सांगितलेलं. आमच्याकडेही तसलाच होता. पण त्या दिवशी हे बोलायचं मला सुचलं नाही, घरी येऊन रात्री पाण्याची मोटर लावताना आठवलं आणि मग काही केल्या डोक्यातून जाईना.

दोन्ही फिगरांबद्दल थोडं सांगायला हवं. जुन्या घाटणीचा स्केलेटर म्हणजे साडेपाच इंची, गुडघ्यात किंचित वाकलेला, आता झेप घेणार अशा बेतात. हातांना माशाच्या कल्ल्यांसारखे पर, पायांना बूट नाहीत, चक्क पंजे. चेहऱ्याची कवटी पिवळी आणि तिच्या खोबणींत हिरवा रंग मारलेला, त्यामुळे तो आजारी आणि ओंगळ दिसतो, आणि दिसायलाच हवा. कार्टूनवाला ताठ उभा राहतो. कल्ले गेले, पंजे गेले, साधे बूट आले, अंगावरच्या स्नायूंच्या रेघा पुसल्यासारख्या झाल्या, कवटी सपाट पिवळी. पहिला भीतिदायक आहे, दुसरा त्याचा तो चिरका, चिडका, आपल्याच चमच्यांवर खेकसणारा अवतार. सांगलीकराचं म्हणणं असं की आपलं प्रेम दुसऱ्यावर आहे, तर तो तंतोतंत हवा. डोंबिवलीकराचं म्हणणं, तंतोतंतच आहे, तुझे डोळे तपास.

आता गंमत अशी की इथे मूळ कुठलं आणि नक्कल कुठली, हेच उलटं आहे. खेळणं आधी आलं. मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने १९७६ साली 'स्टार वॉर्स'च्या खेळण्यांचा परवाना नाकारला, तो केनर या दुसऱ्या कंपनीने घेतला आणि पुढे जे झालं ते बघून मॅटेलला मुलग्यांसाठी स्वतःचं काहीतरी हवं झालं. रॉजर स्वीट नावाच्या त्यांच्या डिझायनरने कंपनीच्याच बिग जिम या जुन्या बाहुल्यावर माती थापून त्याचे दंड आणि छाती फुगवली आणि तीन नमुने केले: एक रानटी योद्धा, एक सैनिक, एक अवकाशवीर. त्यातून ही-मॅन निघाला. मार्क टेलर या चित्रकाराची रेखाटनंही त्यामागे होती आणि खरा जनक कोण यावर पुढे बरंच वाजलं, त्यात मी पडत नाही. १९८२ ला खेळणी दुकानात आली, कार्टून आलं १९८३ ला. फिल्मेशन या स्टुडिओने १३० एपिसोड काढले आणि ते ज्या खेळण्यांवरून काढले ती तोवर मुलांच्या हातात रुळलेली होती. म्हणजे आज आपण खेळण्याला जाब विचारतोय की तू तुझ्या चित्रासारखा का नाहीस.

आणि ते चित्र तसं का होतं? काटकसर. एका सेकंदाच्या हालचालीला कितीतरी चित्रं लागतात. प्रत्येक चित्रात कल्ले, पंजे, कवटीच्या खोबणी काढत बसलं तर स्टुडिओ बुडायचा. म्हणून रेघा कमी केल्या, रंग सपाट केले, आणि धावण्याची, उडी मारण्याची, थेट आपल्याकडे बुक्की रोखण्याची तीच ती दृश्यं पुन्हा पुन्हा वापरली. ऑर्को हा उडता जादूगार तर कार्टूनवाल्यांनीच जन्माला घातला. त्याचं नाव आधी गॉर्पो होतं म्हणे, पण छातीवर जी हे अक्षर काढलं तर चित्र उलटं करून वापरता येत नाही, ओ कसाही उलटवा, ओच राहतो, म्हणून ऑर्को. चाळीस वर्षांनी आपण ज्याला पवित्र मानून मोजपट्टी लावतोय तो हा असा खर्च वाचवण्याचा हिशोब आहे. मला यात उपहास करायचा नाही. उलट त्या लोकांचं कौतुक वाटतं. पण ही-मॅनचा साथीदार मॅन-अॅट-आर्म्स, त्याची मिशी घ्या. मूळ खेळण्याला मिशी नव्हती, कार्टूनने दिली. टीला या त्यांच्यातल्या योद्धा बाईच्या खेळण्याला नागाचं काढता येणारं चिलखत होतं, कार्टूनने ते काढूनच टाकलं. ही-मॅनच्या खेळण्यातली तलवार अर्धी होती, उरलेली अर्धी स्केलेटरकडे, आणि दोन्ही जोडल्या की एक पूर्ण तलवार, म्हणजे नायक आणि खलनायक दोघांपाशीही सत्तेचा अर्धाच तुकडा. एवढी सुंदर कल्पना कार्टूनने सोडून दिली, याचा राग मला अजून आहे. मिशीबद्दल मात्र तक्रार नाही, मिशीशिवाय तो माणूस ओळखूच येत नाही.

असं असूनही रंगावरून भांडणाऱ्यांना मी वेड्यात काढणार नाही. या खेळण्यांत रंग हा वरवरचा मामला कधीच नव्हता. साचा करणं महाग, रंग स्वस्त. त्यामुळे ही-मॅनचंच धड किती जणांना पुरलं बघा. प्रिन्स अॅडम (ही-मॅनचंच साधं रूप) म्हणजे तोच देह, वर वेगळं जाकीट आणि वेगळे रंग. फेकर म्हणजे ही-मॅन निळा करून नारिंगी केस लावायचे आणि स्केलेटरचं चिलखत चढवायचं, झाला नवा खलनायक. ही-मॅन ज्यावर बसतो तो बॅटल कॅट तर बिग जिमच्या मालिकेतला आयता वाघ. तो या बाहुल्यांपुढे फारच मोठा दिसायला लागला म्हणून पाठीवर खोगीर टाकलं आणि अंग हिरवं केलं. रंग बदलला की माणूस बदलला, वाघ बदलला, बाजू बदलली. अशा जगात वाढलेल्या माणसाला जांभळ्याची छटा जिवाभावाची वाटली तर त्यात नवल नाही.

पण आपल्या डोळ्यांनी पाहिलेला जांभळा कुठला?

नाशिकरोडला आमच्या लाइनीत शेजारच्या काकूंकडे टीव्ही आधी आला, शटरवाला, चार पाय असलेला. आशियाडच्या वेळी १९८२ ला देशात रंगीत प्रसारण सुरू झालं होतं, पण आमच्या लाइनीपर्यंत रंग यायला बरीच वर्षं गेली. ही-मॅन लागायचा तेव्हा पोरं भिंतीपासून दारापर्यंत बसायची, काकू चपला मोजून घ्यायच्या. आणि त्या टीव्हीवर काकांनी एक प्लॅस्टिकची काच बसवलेली होती. ज्यांनी पाहिलीय त्यांना लगेच आठवेल: वर निळसर, मधे तांबूस, खाली हिरवट. त्याने टीव्ही रंगीत होतो असा विकणाऱ्याचा दावा. बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं, गाल तांबूस आणि साडी कायम हिरवी. क्रिकेटला मात्र ती काच खरोखर शोभायची, कारण आकाश वर आणि गवत खाली. स्केलेटरचं काय व्हायचं ते सांगतो. लांबून उभा दाखवला की कुंची निळी, छाती तांबूस, पाय हिरवे. जवळून चेहरा दाखवला की कवटीचा वरचा भाग निळा आणि दात तांबूस, पान खाल्ल्यासारखे. खाली पडला की सबंध हिरवा. तो दर एपिसोडला पडायचाच, त्यामुळे माझ्या आठवणीतला स्केलेटर सर्वांत जास्त वेळ हिरवा आहे.

मग जांभळा कुठून आला? तो आला खेळण्यांतून, वहीवर चिकटवलेल्या स्टिकरांतून आणि खेळण्यांच्या दुकानाच्या काचेतून. आपल्याकडे ही-मॅनची खेळणी लिओ या कंपनीच्या नावाने मिळायची. लाइनीतल्या एकाच पोराकडे स्केलेटर होता, त्याच्या बॉम्बेच्या मामाने आणलेला. मी तो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा कळलं की हा निळा-जांभळा आहे. डोकं मऊ, दाबलं की आत जायचं आणि हळूहळू परत वर यायचं. अंग टणक. पाय आत रबराने जोडलेले, त्यामुळे पाय ओढून सोडला की टप्प करून जागेवर. आणि कंबर! धड एका बाजूला पिळून सोडलं की स्प्रिंगने सणकन फिरून बुक्की मारायचा. सांधे एकंदर सहा: मान, दोन हात, दोन पाय आणि ही कंबर. बाजूच्या बांधकामावर वाळूचा ढीग असायचा, तिथे त्याला कमरेपर्यंत पुरून समोर बॅटरीचे सेल उभे करायचे आणि पिळून सोडायचा, किती सेल पडतात यावर डाव. कंबरेत वाळू गेली की आवाज बदलायचा, कर्र कर्र. मग तो पोरगा घाबरून त्याला नळाखाली धरायचा. त्या वाळूत ही-मॅन नव्हता, किल्ला नव्हता, गोष्टसुद्धा नव्हती. टीव्हीवरच्या स्केलेटरचा आणि या स्केलेटरचा एकमेकांशी संबंध आहे हे आम्हाला ठाऊक होतं, पण एक दुसऱ्यासारखा दिसायला हवा असं कुणाच्या मनात आलं नाही.

आता आम्ही 'प्लेएबिलिटी' म्हणतो, म्हणजे खेळण्याशी किती खेळता येतं ते, आणि त्याचा अर्थ पार बदललाय. २०२० पासून निघणाऱ्या मॅटेलच्या ओरिजिन्स मालिकेतल्या फिगरला सोळा सांधे आहेत. कोपर वाकतं, गुडघा वाकतो, मनगट फिरतं, डोकं उपटून दुसरं बसवता येतं, बूटही निघतात. जुन्या घाटणीचा जपून ठेवलेला चेहरा आणि आत नवी हाडं. आमच्या बैठकीत या सांध्यांची परीक्षा होते ती अशी: हात वर करून बघायचा, घोट्यावर तोलून एका पायावर उभा राहतो का बघायचा, मांडीचा सांधा ढिला आहे का म्हणून हलकंसं हलवायचं. ढिला असेल तर खिळीवर पारदर्शक नेलपॉलिशचा थर देऊन वाळवायचा हा उपाय प्रत्येकाला पाठ. डोकं बदलायचं तर आधी हेअरड्रायरने गरम करून घ्यायचं, नाहीतर मानेचा खुंटा तुटतो. हे सगळं हौसेने, मन लावून, बायकोचा हेअरड्रायर वापरून. मग फिगरला एक झकास पोझ द्यायची, फोटो काढायचा आणि कपाटात ठेवायची. पुढच्या वर्षी धूळ पुसायला काढेपर्यंत सोळाच्या सोळा सांधे तिथेच. आणि त्या सोळांत एक गोष्ट नाही, स्प्रिंगची कंबर. कंबर फिरते, पण आपण फिरवली तेवढीच. सोडली तरी ती मागे फिरत नाही. मी हे त्या दिवशीच्या बैठकीत बोललो होतो, पण जांभळ्याच्या गोंगाटात कुणी ऐकलं नाही. माझ्या मते या मालिकेतली खरी वादाची गोष्ट तीच आहे. सांधे वाढले की खेळणं आपलं ऐकतं. स्प्रिंग असलं की ते आपल्याला उत्तर देतं.

ट्रान्सफॉर्मर्सवाल्यांची, म्हणजे गाडीचे रोबो होणारी खेळणी जमवणाऱ्यांची, दुखणी वेगळी, त्यांच्यासमोर आमचं जांभळं प्रकरण काहीच नाही. तिथेही खेळणी आधीची, जपानच्या टाकारा कंपनीची, १९८४ ला हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने नावं बदलून अमेरिकेत आणलेली. त्यातल्या आयर्नहाइड आणि रॅचेट या व्हॅनच्या रोबोंना धड डोकंच नव्हतं. मूळ कल्पनेत तो एक यंत्रमानव, ज्याच्या आत छोटा चालक बसतो, त्यामुळे डोक्याच्या जागी सीट आणि सीटवर चेहऱ्याचं स्टिकर. कार्टूनवाल्यांनी मुकाट्याने दोघांना डोकी दिली. दुकानातून खेळणं आणलेल्या पोराने टीव्ही बघून मग हातातल्या रोबोकडे बघितलं असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल! पुढे मोठ्यांसाठीच्या मास्टरपीस मालिकेत त्यांना डोकं मिळालं, २००३ ला सुरू झालेली ही मालिका कार्टूनच्या दिशेने अधिकाधिक सरकत गेली, आणि नवाच पेच झाला. रोबो हुबेहूब कार्टूनसारखा करायचा तर ट्रकची दारं, चाकं, टप लपवायचे कुठे? मग पत्र्यावर पत्रा दुमडत शेकड्याने घड्या, आणि ट्रकचा रोबो करायला अर्धा तास, हातात सूचनापत्रक. आमच्यातला एक तर म्हणतो, मी एकदा रोबो केला की परत ट्रक करतच नाही, मोडला तर? म्हणजे रूप बदलणारं खेळणं रूप न बदलता कपाटात. त्याला हसायचा अधिकार मला नाही, माझ्या कपाटात काय आहे ते आधीच सांगून झालंय.

बरं, हा सगळा खेळ स्वस्तही नाही. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. त्यामुळे परदेशातून एखादी फिगर मागवायची म्हणजे आधी कुणाचा भाचा कधी येतोय ते बघायचं. भाच्याच्या बॅगेत जागा मिळवायला त्याच्या आईची मनधरणी. एवढं करून आलेली वस्तू उघडताना तिच्या जांभळ्याकडे माणूस कसा बघणार? न्यायाधीशासारखाच बघणार. वाळूत पुरणं तर दूरच. आणि जुनी मिळाली तर तीही शाबूत नसते. डोक्याचं मऊ प्लॅस्टिक वर्षानुवर्षांनी चिकट होतं, हाताला लागतं, त्यावर धूळ बसून काळपट थर येतो. आतलं रबर सुकून तुटतं आणि पाय लोंबायला लागतात. रंगाचं म्हणाल तर उन्हाने कुंची विटते, एका बाजूने जास्त, जी बाजू खिडकीकडे असेल तिकडून. माझ्याकडे असा एक जुना स्केलेटर आहे, जुन्या बाजारात मिळालेला. त्याची डावी बाजू उजवीपेक्षा फिकी आहे. कधीकाळी कुणाच्या तरी टीव्हीवर किंवा शोकेसमध्ये तो वर्षानुवर्षं एकाच दिशेला तोंड करून उभा असणार. त्याच्या जांभळ्याला काय म्हणायचं? खेळण्याचा, कार्टूनचा, की त्या घराचा?

शेवटी मी ब्लॅक अँड व्हाइटचं म्हणणं मांडलं, पंधरवड्याने, माझ्याच घरी, दोघे समोर असताना. सांगलीकर आधी नाही म्हणाला, मग "आमच्याकडे क्राउन होता" म्हणाला, मग गप्प बसून हसायला लागला. डोंबिवलीकराला आठवलं की त्यांच्या टीव्हीला नुसती निळी काच होती, तीन रंगांचीसुद्धा नाही, वडिलांच्या मते ती डोळ्यांना चांगली. आणि मग सांगलीकराच्या डोक्यात किडा वळवळला. त्याच्याकडे एक जादा स्केलेटर आहे, हात तुटलेला. तो हात त्याने एम-सीलने जोडून आणला, आणि आता तो त्याला रंगवायला घेतोय, सबंध राखाडी छटांत, लहानपणी त्याच्या घरच्या टीव्हीवर दिसायचा तसा. कुंची गडद राखाडी, अंग मध्यम, कवटी जवळपास पांढरी. खऱ्या अर्थाने कार्टूनसारखा, आपल्या कार्टूनसारखा. कल्पना सगळ्यांना एकदम पसंत पडली आणि दहा मिनिटं आमच्यात इतकी एकी होती की मी दुसरा चहा टाकला.

चहा घेऊन आलो तोवर डोंबिवलीकर म्हणत होता की निळं अंग ब्लॅक अँड व्हाइटमध्ये जांभळ्या कुंचीपेक्षा खूप फिकं दिसतं, सांगलीकराने मिसळलेले राखाडी फारच जवळजवळचे आहेत. सांगलीकर म्हणाला, ते टीव्हीच्या कॉन्ट्रास्टच्या बटणावर होतं, आमच्याकडे ते बटण तुटलेलं होतं. मी मधे पडून म्हटलं की माझ्या स्केलेटरचे तर पाय हिरवे हवेत. त्यावर दोघांनीही मला उडवून लावलं.